अभ्यासिकेतून पहिल्या नोकरीकडे

पुण्यात नवी पेठ, सदाशिव पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या आणि आता खाजगी नोकरी शोधायला निघालेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. मी स्वतः २०१२ ते २०१६ अशी चार वर्षं तिथे काढली. राज्यसेवेची मुख्य परीक्षा दोनदा दिली, मुलाखतीपर्यंत पोचलो नाही. मग शेती अवजारं बनवणाऱ्या एका कंपनीच्या ऑफिसात विक्रेत्यांची बिलं आणि तक्रारी बघायच्या कामाला लागलो. आता नव्या माणसांच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे, त्यामुळे काही गोष्टी खात्रीने सांगू शकतो.

आधी मनातला हिशेब मिटवा

२०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. ज्यांचं नाव यादीत आलं नाही ते सगळे अभ्यासात कमी पडले, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. तरीही यादीत नाव नसलेला प्रत्येक जण मनातल्या मनात तसंच म्हणत असतो. हे ओझं घेऊन नोकरी शोधायला गेलात तर ते मुलाखतीत समोरच्याला दिसतं. आवाज खाली जातो, नजर टेबलावर जाते.

म्हणून पहिलं काम असं करा: पुढे परीक्षा द्यायची की नाही, हे एका कागदावर तारखेसह लिहा. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे. ही सवलत मोलाची आहे, पण तिच्यामुळे निर्णय पुढे ढकलायची सवय लागते. ‘परीक्षा पूर्ण थांबवली’ किंवा ‘नोकरी करत अमुक वर्षापर्यंत देणार’, यातलं एक काहीतरी लिहा. दोन्ही मार्ग चांगले आहेत. अर्धवट राहणं मात्र फार महाग पडतं.

मग घरी सांगा. गावाकडे ‘पोरगं पुण्यात साहेब व्हायला गेलंय’ असं सगळ्यांना माहीत असतं, आणि तिथेच जीभ अडते. माझा अनुभव असा की आईवडिलांना धक्का बसतो तो निर्णयाचा नाही, तो त्यांच्यापासून लपवल्याचा. फोनवर नका सांगू, जाऊन सांगा. आणि या काळात झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको वाटत असेल तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. ती सरकारी आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्याकडे काय आहे ते मोजा

‘मला काहीच येत नाही, मी फक्त अभ्यास केला’, हे वाक्य मी मुलाखतीत शेकडो वेळा ऐकलं आहे. ते खरं नसतं. राज्यकर निरीक्षकाची तयारी करताना जीएसटीची रचना वाचलेली असते. महाराष्ट्राचा भूगोल तालुक्यांसकट पाठ असतो. चाळीस पानांचा अहवाल वाचून त्याचं एक पान करता येतं. मराठी शुद्ध लिहिता येतं, आणि ही गोष्ट ऑफिसात किती दुर्मिळ आहे याची तुम्हाला कल्पना नाही. मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लिपिक पदासाठी काढून ठेवलं असेल, तर तेही कामाचं आहे.

काय नसतं तेही सांगतो: एक्सेल, ईमेल आणि फोनवरचं बोलणं. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र असलं म्हणजे एक्सेल येतं असं नाही. यासाठी क्लास लावायची गरज नाही. सहा आठवडे रोज दीड तास पुरतो. सराव तुमच्या ओळखीच्या आकड्यांवर करा. २०११च्या जनगणनेची तुमच्या जिल्ह्याची तालुकावार आकडेवारी घ्या. लोकसंख्या, लिंग गुणोत्तर, साक्षरता असे रकाने करा. फिल्टर लावा, दोन तक्त्यांतून व्हीलुकअपने माहिती जुळवा, पिव्होट टेबल करून बघा. जे आकडे पाठ करताना कंटाळा यायचा तेच हातात खेळायला लागतात. मुलाखतीत हाच तक्ता लॅपटॉपवर उघडून दाखवणाऱ्या मुलीला मी लगेच घेतलं होतं. तिच्या बायोडेटात दुसरं काही विशेष नव्हतं.

ईमेलसाठी रोज एक इंग्रजी पत्र लिहा, पाच ओळींचं. माल उशिरा पोचल्याबद्दल तक्रार, रजेचा अर्ज, बिलाची आठवण, एवढंच. निबंधाची भाषा इथे उपयोगाची नाही.

कुठे शोधायचं

नोकरीच्या वेबसाइट सगळ्यांना माहीत आहेत. त्यांवर नाव नोंदवा, राज्य सरकारच्या महास्वयम् आणि केंद्राच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या पोर्टलवरही नोंदवा, आणि दर आठवड्याला प्रोफाइल थोडं बदलत राहा, म्हणजे ते वर दिसतं. पण नुसतं तिथे अर्ज करत बसाल तर पूर्व परीक्षेसारखंच होईल. हजारोंच्या रांगेत एक क्रमांक, एवढीच तुमची ओळख राहील.

त्यापेक्षा तुमची तयारी जिथे थेट कामाला येते ती दारं ठोठवा. कर सल्लागार आणि सीएंच्या कार्यालयांत जीएसटी विवरणपत्रं भरायला माणसं लागतात. पगार सुरुवातीला कमी असतो, पण दोन वर्षांत हातात कसब येतं. खाजगी बँका आणि कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांमध्ये फाइल तपासणीचं काम असतं. तिथे विक्रीचं काम आणि कार्यालयीन काम यांतला फरक आधी विचारून घ्या, कारण जाहिरातीत दोन्हींचं नाव सारखंच असतं. ग्रामविकासात काम करणाऱ्या संस्थांना पंचायत राज समजणारा, ग्रामसेवकाशी बोलू शकणारा समन्वयक हवा असतो. शैक्षणिक प्रकाशनं, प्रश्नसंच तयार करणाऱ्या संस्था आणि मराठी भाषांतर करून घेणाऱ्या कंपन्या आहेत. हिंजवडी, भोसरी, चाकण, रांजणगाव इथल्या कंपन्यांत खरेदी, भांडार, डिस्पॅच, प्रशासन या विभागांना बीए-बीकॉम चालतं. आम्ही घेतो.

उमेद अभियानासारख्या सरकारी योजनांमध्ये कंत्राटी पदं निघतात. काम चांगलं असतं, पण कराराची मुदत आणि तो वाढण्याचा इतिहास आधी तिथे काम करणाऱ्याला विचारा. मुख्यमंत्री फेलोशिपकडेही बघा. तिची वयोमर्यादा २१ ते २६ आहे आणि एक वर्षाच्या कामाचा अनुभव लागतो. सत्ताविसाव्या वर्षी ही अट वाचून हळहळणारे मी पाहिले आहेत.

जुन्या रूममेटला फोन करा

या लेखातली माझ्या मते सर्वांत उपयोगी पायरी हीच. तुमच्या कॉट बेसिसच्या खोलीतून, मेसमधून, अभ्यासिकेतून गेल्या पाच वर्षांत कितीतरी जण निघून गेले. ज्यांची निवड झाली त्यांचे सत्कार झाले. बाकीचे गुपचूप बॅग भरून गेले आणि आपणही त्यांना परत फोन केला नाही. ते आज कुठेतरी नोकरी करत आहेत. त्यांना तुमची अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

त्यांना ‘माझं काम कर’ असं म्हणू नका. ‘तुझा दिवस कसा जातो ते सांग, वीस मिनिटं दे’, एवढंच मागा. सकाळी काय करतोस, कशाचा त्रास होतो, पगार वेळेवर होतो का, तुझ्या ऑफिसात नवी माणसं कोण घेतं? असे दहा फोन झाले की दोन-तीन ठिकाणी जागा असल्याचं आपोआप कळतं. ओळख काढायची म्हणजे वशिला लावायचा, असं आपल्याकडे वाटतं. वशिल्यात पात्रता नसताना आत शिरतात. ओळखीत तुमचा कागद फक्त माणसाच्या टेबलावर पोचतो, पुढचं तुम्हालाच करायचं असतं. मला पहिली नोकरी अशाच फोनमुळे मिळाली. आधी मी त्या मित्राशी तीन वर्षं बोललो नव्हतो.

बायोडेटात ती वर्षं लपवू नका

रिकामी वर्षं झाकायला खोट्या कंपनीचं अनुभवपत्र जोडणारे असतात. असं कधीही करू नका. बऱ्याच कंपन्या आधीच्या नोकरीची पडताळणी करतात, आणि पीएफच्या नोंदीत तुम्ही कुठे कधी काम केलंत ते दिसतं. तिथे काहीच नसेल तर सगळं उघडं पडतं.

सरळ लिहा: ‘२०२० ते २०२४, राज्यसेवा व गट ब परीक्षांची पूर्णवेळ तयारी, २०२२ साली मुख्य परीक्षेस पात्र.’ खाली त्या काळात केलेलं बाकीचं काम लिहा. अभ्यासिका सांभाळली, मेसचा हिशेब ठेवला, नवीन मुलांना शिकवलं, गावच्या निवडणुकीत मतमोजणी प्रतिनिधी होतात, काहीही. मेसचा हिशेब म्हणजे चाळीस जणांकडून दरमहा वसुली आणि किराण्याचं बिल. हे काम माझ्या दृष्टीने अनुभवच आहे. बायोडेटा एका पानाचा असावा. वडिलांचं नाव, धर्म, छंद, ‘वरील माहिती खरी आहे’ ही ओळ, यांची गरज नाही.

मुलाखतीतले दोन प्रश्न

बाकीचे प्रश्न कामाप्रमाणे बदलतात. हे दोन तुम्हाला विचारले जाणारच.

पहिला: ‘इतकी वर्षं काय केलं?’ याला माफी मागितल्यासारखं उत्तर देऊ नका आणि आयोगाच्या कारभारावर व्याख्यानही देऊ नका. तारखा पुढे गेल्या, निकाल लांबले, हे खरं असेल, पण समोरच्याला त्यातून फक्त कडवटपणा ऐकू येतो. तीन वाक्यं पुरतात. काय केलं, कुठपर्यंत पोचलो, त्यातलं काय इथे वापरता येईल.

दुसरा प्रश्न खरा कसोटीचा: ‘उद्या जाहिरात आली तर सोडून जाणार ना?’ इथे पहिल्या पायरीचा कागद कामी येतो. परीक्षा थांबवली असेल तर तसं सांगा आणि तारीख सांगा. देणार असाल तर तेही सांगा: ‘पूर्व परीक्षा रविवारी असते, ती देईन. मुख्यला पात्र झालो तर माझ्या रजेतून जाईन आणि दोन महिने आधी कळवीन.’ काही जण या उत्तरावर नकार देतील. पण खोटं बोलून मिळालेल्या नोकरीत तुम्ही चालू घडामोडींचं पुस्तक ड्रॉवरमध्ये लपवत राहाल, आणि हा ताण फार खराब असतो. मी स्वतः खरं उत्तर देणाऱ्याला घेतो, कारण त्याने पुढे एखादी चूक केली तर ती तो मला सांगेल.

शेवटी ते विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ तेव्हा ‘नाही सर’ म्हणू नका. विचारा: या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले? पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय हवं आहे? मी कुणाच्या हाताखाली असेन, त्यांना आज भेटता येईल का? पुढची दोन-तीन वर्षं सुखाची जाणार की नाही हे बहुतेक वेळा या तिसऱ्या उत्तरावर ठरतं.

सीटीसी आणि हातातला पगार

‘तीन लाखांचं पॅकेज’ ऐकून महिना पंचवीस हजार हातात येतील असं धरू नका. एक ढोबळ उदाहरण बघा. सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, महिन्याला २५,०००, त्यात मूळ पगार १२,५००. कंपनीने भरायचा पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के, म्हणजे १,५००, हा सहसा सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद साधारण ६०० धरतात, जी पाच वर्षं सलग नोकरी झाल्याशिवाय सहसा हाती येत नाही. उरले सुमारे २२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,५०० आणि व्यवसाय कर २०० जातो. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० असतो, आणि महाराष्ट्रात २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ आहे. म्हणजे हातात साधारण २१,२००. मेडिक्लेम, कंपनी बस, कँटीन यांची कपात असेल तर त्याहून कमी. पगार २१,०००च्या आत बसत असेल आणि कंपनीला ईएसआय (कामगार राज्य विमा योजना) लागू असेल, तर त्याचे ०.७५ टक्के कापले जातात. ते बिनकामाचे समजू नका, त्यात घरच्यांच्या उपचारांचीही सोय होते.

खोलीभाडं, मेस, प्रवास आणि घरी पाठवायचे पैसे यांचा हिशेब या हातातल्या आकड्यावर मांडा, आणि मगच हो म्हणा.

नेमणूकपत्र लेखी घ्याच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार ते देणं बंधनकारक आहे. त्यात कंपनीच्या थेट नोकरीत आहात की ठेकेदाराच्या, प्रोबेशन किती महिने, नोटीस पिरियड किती, बॉण्ड असेल तर सोडल्यास किती रक्कम, हे चार मुद्दे बोट ठेवून वाचा. मूळ प्रमाणपत्रं दाखवा, पण ठेवायला देऊ नका. पीएफचा बारा अंकी यूएएन क्रमांक मिळाला की स्वतः उमंग ॲपवर जाऊन दरमहा पैसे भरले जातात का ते बघा.

आणि पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा. नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो, नोकरी देणारा पैसे मागत नाही. परीक्षेत थकलेल्या मुलांना हेरून ‘अमुक खात्यात चिकटवून देतो’ म्हणणारेही फिरतात. माझ्या खोलीतल्या एकाने वडिलांची जमीन गहाण ठेवून असे पैसे दिले होते. ते परत आले नाहीत. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

पहिले महिने, आणि समाधानाचं काय

तुमचा वरिष्ठ तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान असू शकतो. माझा होता. तो बाविसाव्या वर्षी कामाला लागला होता आणि मला मेलमध्ये सीसी कुणाला करायचं हेही माहीत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी त्याला विचारायला लाजलो आणि त्यामुळे एका विक्रेत्याला दोनदा बिल गेलं. नंतर मी एक छोटी वही ठेवली. दिवसभरात न समजलेले शब्द आणि प्रक्रिया लिहायचो आणि संध्याकाळी साडेपाचला एकदाच सगळं विचारायचो. त्यालाही ते बरं वाटायचं.

मला तिथे समाधान कधी वाटलं तो दिवस आठवतो. जूनचा पहिला आठवडा होता. औशाहून एका विक्रेत्याचा फोन आला की पेरणी यंत्राचा सुटा भाग आलेला नाही, शेतकरी दुकानात येऊन बसले आहेत. आमच्याकडून तो भाग चुकून दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. नकाशा डोक्यात होता, कुठल्या रस्त्याने गाडी वळवली तर रात्रीत पोचेल हे मी सांगू शकलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला: ‘साहेब, पोचला माल. पेरणी सुरू झाली.’ चार वर्षं मी जो अभ्यास केला त्याचा निकाल वर्षातून एकदा लागायचा आणि एका यादीत असायचा. इथे सकाळी हातात घेतलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी शेतात पोचली होती.

तेव्हापासून मी नव्या माणसाला एकच उपाय करायला लावतो. पहिले दोन महिने रोज रात्री वहीत दोन ओळी लिहा: आज कुठला तास कळला नाही कसा गेला, आणि कुठला तास सरता सरला नाही. आठ आठवड्यांनी वाचा. बहुतेकांना धक्का बसतो. ‘मला लोकांशी बोलायचं काम नको’ म्हणणाऱ्याचे चांगले तास फोनवरचे निघतात. ही वही घेऊन वरिष्ठांकडे जा आणि कामाच्या वाटपात थोडा बदल मागा. ‘मला हे काम नको’ यापेक्षा ‘हे काम मी जास्त घेऊ शकतो’ असं म्हणा. पूर्ण बदल मिळणार नाही, पण दिवसातला एखादा तास तरी मिळतो आणि त्याने आठवडा बदलतो.

पगार वेळेवर होत नसेल, पीएफ कापून भरला जात नसेल, कुणी अपमान करत असेल किंवा खोट्या कागदावर सही मागत असेल, तर वहीची वाट बघू नका. तिथून निघायची तयारी करा. मुलींसाठी आणखी एक: दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती असणं २०१३च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्याकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. रुजू होतानाच समितीत कोण आहे ते विचारून ठेवा.

काम नुसतं कंटाळवाणं असेल तर मात्र एक वर्ष थांबा असं मी सांगेन. पहिले सहा महिने कुठलंही काम कंटाळवाणंच वाटतं, कारण आपल्याला ते अजून येत नसतं. सोडताना नोटीस पिरियड पूर्ण करा, रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा घ्या, आणि पीएफ काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करा.

नोकरी करत परीक्षा द्यायची असेल तर

पहिले तीन महिने पुस्तक उघडू नका. त्या काळात दोन्हीकडे अर्धं लक्ष राहतं आणि प्रोबेशन हातचं जातं. चौथ्या महिन्यापासून सकाळचे दोन तास ठेवा, रात्रीचे नकोत, रात्री डोकं चालत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे ऑफिसात रोज नीट लिहिलेला अहवाल हाही सराव आहे. पहिला पगार झाला की अभ्यासिकेची खुर्ची सोडा आणि तिथली पुस्तकं, टिपणं, टेबललॅम्प घरी न्या. मी सहा महिने ती खुर्ची पैसे भरून अडवून ठेवली होती, एकदाही जाऊन बसलो नाही, आणि दाराबाहेर मुलं नाव नोंदवून वाट बघत होती.